तेरा जणांच्या आठ्या

कंपनीचं पत्र आलं तेव्हा वायसरबाई स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली भांडं सरकवत होत्या. एकतीस वर्षं नळांच्या कारखान्यात वायसर बसवणाऱ्या बाईच्या घरचा नळ गळतो, यावर सगळ्या इमारतीने पोटभर हसून घेतलं होतं. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. वायसर कंपनीचे होते, घरी कसे आणणार? बाजारात मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, पण बाजारातल्या वायसरला त्या वायसर मानायला तयार नव्हत्या.

पत्र जाड, गुळगुळीत कागदावर होतं. कामगारांची कपात झाली तेव्हाही असाच कागद आला होता, म्हणून बाईंनी आधी हात पुसले, चष्मा लावला आणि मग पाकीट फाडलं.

"काय म्हणतात?" आतून नवऱ्याने विचारलं. तो कारखान्याच्या पॉलिश खात्यात होता. सत्तावीस वर्षं पितळेची धूळ छातीत भरून घेतल्यावर आता त्याला एक वाक्य दोन तुकड्यांत बोलावं लागे. "अजून... जिवंत आहोत का विचारतात?"

"थांबा हो, वाचू द्या."

पत्रात लिहिलं होतं की कंपनीचं नाव आता परदेशातल्या मोठ्या शेअर बाजारात लागणार आहे, आणि त्यासाठी समभागांचं एकत्रीकरण करण्यात येत आहे. शंभर समभाग एकत्र करून त्यांचा एक समभाग होईल. त्यापुढे बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण बाईंना जे समजायचं ते समजलं होतं.

आता या समभागांची गोष्ट सांगायला हवी. सव्वीस वर्षांपूर्वी एका साली कंपनीकडे बोनस द्यायला पैसे नव्हते. तेव्हा साहेबांनी मांडवात उभं राहून सगळ्यांना कंपनीचे मालक करून टाकलं, म्हणजे प्रत्येक कामगाराच्या हातावर आठ-आठ शेअरचे कागद ठेवले. हातात कागद आणि कपाळावर आठ्या, अशी सगळी खाती घरी गेली. त्या दिवसापासून त्या कागदांचं नावच पडलं, आठ्या. बहुतेकांनी आपल्या आठ्या पहिल्या अडचणीला विकून टाकल्या. काहींनी ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या आणि विसरून गेले.

बाई विसरल्या नव्हत्या. आठ शेअरवाल्यालाही वार्षिक सभेला जाता येतं, आणि उभं राहून प्रश्न विचारता येतो, हे त्यांना कळलं त्या वर्षापासून त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. दरवर्षी त्या एकच प्रश्न विचारत: कारखान्याचा दवाखाना पुढच्या वर्षी चालू राहणार का? दरवर्षी अध्यक्ष हसत म्हणत, "हो बाई, राहणार." बाई म्हणत, "लिहून घ्या." मग ते सभेच्या वृत्तांतात लिहिलं जाई. लोक गालात हसत. पण दोनदा असं झालं की नव्या मॅनेजरने दवाखान्याला कुलूप लावायची तयारी केली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे तो वृत्तांत धरला. अध्यक्षांचा शब्द होता, तारखेसह. मॅनेजर मूग गिळून बसला. त्याच दवाखान्यात दर बुधवारी बाईंचा नवरा यंत्राची वाफ घ्यायचा, आणि त्याच वाफेवर पुढचा बुधवार गाठायचा. बाहेर हाच उपचार घ्यायचा तर घर विकावं लागलं असतं, आणि घरही भाड्याचं होतं.

"हे बघा," बाई पत्र घेऊन नवऱ्यासमोर बसल्या, "शंभर एकत्र करून एक. म्हणजे आपण सगळ्यांनी एकत्र यायचं. माझे आठ, तुमचे आठ, स्टोअरवाल्या भाऊंचे आठ, असे शंभर जमवले की आपला मिळून एक. चांगली कल्पना काढलीय हो यांनी!"

"पुढे काय लिहिलंय... ते वाच की."

"पुढे अपूर्णांक आहेत. ते मला शाळेतही जमले नव्हते."

आणि बाई घराबाहेर पडल्या.

दोन दिवसांत त्यांनी कामगारांच्या दोन्ही इमारती पालथ्या घातल्या. जिने चढताना गुडघे कुरकुरत होते, पण बाई त्यांचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या. स्टोअरवाले भाऊ, ज्यांनी आयुष्यभर स्क्रूसुद्धा मोजून दिले, त्यांनी आपल्या आठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपाटात ठेवला होता. कँटीनवाल्या वहिनींच्या आठ्यांना तेलाचा डाग पडला होता. साचेवाल्याच्या घरी आठ्या सापडेनात. सगळं घर उलटंपालटं झाल्यावर त्या खिडकीची काच खडखडू नये म्हणून फटीत घडी करून खोचलेल्या निघाल्या. सगळ्यांना तेच जाड पत्र आलं होतं, आणि कोणीही पूर्ण वाचलं नव्हतं. बाई जे सांगत होत्या ते ऐकायला बरं वाटत होतं. आपण सगळे मिळून एक होणार, यात न पटण्यासारखं काय होतं?

मोजदाद झाली तेव्हा बारा जण होते. बारा आठे शहाण्णव.

"चार कमी पडतात," स्टोअरवाले भाऊ म्हणाले. त्यांना हिशेबात एक वायसरसुद्धा कमी खपत नसे.

"सव्वीस वर्षं सांभाळून घेतलं आपण कंपनीला," बाई म्हणाल्या. "चार शेअरसाठी ती आपल्याला सांभाळून घेणार नाही?"

मंगळवारी बाई शहाण्णव कागदांचं बंडल सुतळीने बांधून कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेल्या. दुसऱ्या मजल्यावर शेअर विभागाची खिडकी होती. खिडकीमागे एक मध्यमवयीन कारकून बाई बसल्या होत्या, ज्यांच्या टेबलावर चार पेनं एका रेषेत ठेवलेली होती. त्यांनी बंडलाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा बंडलाकडे.

"हे काय आहे?"

"एकत्रीकरण," बाई अभिमानाने म्हणाल्या. "बारा जणांचं करून आणलंय. चार कमी आहेत, तेवढं सांभाळून घ्या."

कारकूनबाईंनी बंडलाची सुतळी बोटाने उचलून पाहिली. मग त्या हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही त्यांनी बोलावून सांगितलं, आणि तोही हसला.

"अहो, माणसांचं नाही एकत्रीकरण!" शेवटी त्या म्हणाल्या. "शेअरचं. ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या नावावरचे. तिकडच्या बाजारात इतका स्वस्त शेअर चालत नाही, म्हणून शंभरांचा एक करतायत, किंमत मोठी दिसायला. ज्याच्याकडे शंभर नाहीत त्याचा पूर्ण शेअर होत नाही. तो अपूर्णांक. अपूर्णांकवाल्यांना रोख पैसे देऊन मोकळं करणार."

"मोकळं म्हणजे?"

"म्हणजे नाव काढणार यादीतून."

"मग सभेला?"

"सभेला भागधारक येतात." कारकूनबाईंनी पहिलं पेन थोडं सरळ केलं. "तुम्ही नसणार ना भागधारक. तुम्ही सगळे अपूर्णांक आहात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना आपल्या चुकीची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा राग मोठा होता. एकतीस वर्षं. दिवसाला सहाशे नळ. त्यातला एकही गळून परत आला नव्हता, आणि ही बया चार पेनं मांडून त्यांना अपूर्णांक म्हणत होती. त्यांना दिसत होतं पुढचं सगळं: सभा होईल, कोणी उभं राहणार नाही, कोणी विचारणार नाही, वृत्तांतात काही लिहिलं जाणार नाही, आणि एका बुधवारी दवाखान्याच्या दाराला कुलूप असेल.

"ऐका," बाई खिडकीवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाल्या, "मी जे वाचलं ते चुकीचं वाचलं, मान्य. पण मी जे वाचलं ते करायचंच झालं तर काय करावं लागेल, ते सांगा."

"तसं होत नाही."

"कशाने होत नाही?"

"कारण नावं वेगळी आहेत." कारकूनबाईंनी सुस्कारा टाकला. "आता सगळ्यांनी आपले शेअर एकाच माणसाच्या नावावर करून दिले, शुक्रवारच्या आत, तर गोष्ट वेगळी. शुक्रवारी यादी बंद होते. पण तसं कोण करतं? ज्याच्या नावावर केले त्याचे झाले. उद्या त्याने हात वर केले तर तुमच्या हातात काही नाही. शिवाय तुमचे शहाण्णव. शंभर नाहीत ते नाहीतच."

"तो फॉर्म द्या."

"किती?"

"तेरा," बाई म्हणाल्या. एक स्वतःसाठी वाया घालवायला हवा होता, कारण फॉर्मवर त्यांची पहिली सही नेहमी चुकत असे. तेरावा माणूस त्यांच्या डोक्यात तेव्हा नव्हता, निदान त्यांनी तसं स्वतःला सांगितलं.

बुधवारी सगळे बारा जण दवाखान्यात जमले. नवरा आत यंत्राला तोंड लावून बसला होता आणि बाकीचे बाहेरच्या लाकडी बाकांवर. बाईंनी आपली चूक सांगितली, लपवाछपवी न करता, कारकूनबाईंच्या हसण्यासकट. अपूर्णांक हा शब्दही सांगितला. तो ऐकल्यावर साचेवाल्याने असा शब्द वापरला की डॉक्टरीणबाईंनी आतून डोकं बाहेर काढलं.

"पैसे काही वाईट देत नाहीत म्हणे," मागून एक जण पुटपुटला. "दोन महिन्यांचा किराणा निघेल."

"निघेल," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात खोकला आला की कुठे जाशील?"

मग खरा प्रश्न आला, ज्याची सगळे वाट पाहत होते आणि कोणी काढत नव्हतं. कोणाच्या नावावर?

जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. ही सगळी माणसं एकमेकांना चाळीस वर्षं ओळखत होती, म्हणजे कोणी कोणाचा पाना परत केला नाही हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं. स्टोअरवाले भाऊ म्हणाले, माझ्या नावावर करा. साचेवाला म्हणाला, तुमच्याकडून एक नट मागितला तरी तीन सह्या लागतात, शेअर परत मागायला किती लागतील? कोणी म्हणालं, सगळ्यात तरुण असेल त्याच्या नावावर. मग कळलं की सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या आहेत. अर्धा तास असा वाद झाला की बाईंना वाटलं, आता हे घरी जाणार आणि किराणा भरणार.

तेवढ्यात कँटीनवाल्या वहिनी उठल्या. त्या फारशा बोलत नसत. आयुष्यभर त्या सातशे माणसांच्या ताटात वाढत होत्या आणि कोण दुसऱ्यांदा भात घेऊन नाही म्हणतो हे त्यांना माहीत होतं.

"वायसरबाईंच्या नावावर करा," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं खिसे भरून वायसर नेता आले असते. त्यांच्या घरचा नळ अजून गळतोय. मी कालच पाहिलं. अजून काय पुरावा पाहिजे?"

कोणी हसलं नाही. पहिल्यांदाच त्या नळावर कोणी हसलं नाही. साचेवाल्याने पेन मागितलं.

सह्या झाल्या. नवरा आतून आला, त्याच्या गालावर मास्कचा लाल वळ होता. त्याने फॉर्म वाचला आणि म्हणाला, "बायकोला सगळं... देऊन टाकलं होतंच. आता... कागदावर." त्याने सही केली.

पण बारा आठे शहाण्णवच होते. चार आठ्या कुठून आणायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही इमारतींमध्ये एकच दार असं होतं जिथे बाई गेल्या नव्हत्या, आणि ते दार त्यांच्याच मजल्यावर होतं.

त्या दाराआड फितूर राहत होता.

तो क्रेन चालवायचा. बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात संप झाला, छत्तीस दिवस. सगळे फाटकाबाहेर बसले होते आणि अकराव्या दिवशी हा माणूस मान खाली घालून सगळ्यांच्या देखत फाटकातून आत गेला. त्या दिवशी त्याचं नाव गेलं आणि फितूर हे नाव लागलं. संप मोडला तो काही त्याच्यामुळे नाही, पण कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं. बावीस वर्षं बाई त्याच्या समोरून जिना उतरत होत्या आणि त्याच्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्याची बायको वारली तेव्हाही त्या गेल्या नव्हत्या. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेही त्यांना नुसत्या आवाजांवरून कळलं होतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी दार वाजवलं. त्याने उघडलं, त्यांना पाहिलं आणि दारातच उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"तुझ्या आठ्या आहेत का अजून?"

"आहेत."

बाईंनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, कारण त्याने आत बोलावलं नाही आणि त्यांनाही आत जायचं नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज कडक होता. मागायला आल्या होत्या, पण वाकायला आल्या नव्हत्या. त्यांनी असंही सांगितलं की नाही म्हणालास तरी चालेल, आम्ही दुसरं काही बघू, जे साफ खोटं होतं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दवाखाना."

"हो."

"संपात दवाखाना कुठे होता, आठवतं का?"

"कुठे म्हणजे? आहे तिथेच. फाटकाच्या आत."

"फाटकाच्या आत," तो म्हणाला. "आणि संपवाल्यांना फाटक बंद होतं. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला फिट्स यायच्या. औषध आतल्या दवाखान्यातच मिळायचं, आणि ते संपलं. फाटकावरच्या साहेबाने सांगितलं, कामावर ये, औषध ने. कामावर आलास तर तू आमचा, नाहीतर बाहेर." तो थांबला. "मी गेलो. संप मोडेपर्यंत रोज क्रेनवर बसलो, क्रेन हलवली नाही. हलवायला काही नव्हतंच, आत कोणी नव्हतं. औषध घेऊन घरी यायचो."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "बावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही, का गेलास."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दरवर्षी भर सभेत उभं राहून प्रश्न विचारणारी बाई म्हणून त्यांना स्वतःचा केवढा अभिमान होता. आणि पंधरा पावलांवरच्या दाराला त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांना माफी मागायची होती, पण माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. स्वतःच्याच रडण्याचा त्यांना संताप आला, तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत.

तो आत गेला आणि आठ्या घेऊन आला. फॉर्मवर त्याने भिंतीला टेकवून सही केली.

"पण माझाही एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "तो विचारायचा."

"कोणता?"

त्याने सांगितला. बाईंनी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी दहाच्या आधी त्या शेअर खिडकीसमोर होत्या. कारकूनबाईंनी फॉर्म मोजले, सह्या जुन्या कार्डांवरच्या सह्यांशी ताडून पाहिल्या, एकेक आठी उलटसुलट करून बघितली. खिडकीच्या फटीतल्या घडीच्या आठ्या त्यांनी हाताने सपाट केल्या.

"एकशे चार," त्या म्हणाल्या. "एक पूर्ण, चार सुटे." त्यांनी शिक्का मारला. मग हलक्या आवाजात विचारलं, "खरंच सगळ्यांनी दिले?"

"सगळ्यांनी."

या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकशे चाराचा आकडा नोंदवहीत लिहिला आणि पेन जागेवर न ठेवता हातातच धरून बसल्या.

चार महिन्यांनी सभा झाली. कंपनीचं नाव तिकडच्या बाजारात लागलं होतं, आणि नवे अध्यक्ष तिकडेच बसत. इथल्या उरलेल्या भागधारकांसाठी मुख्य कार्यालयात एक खोली, एक मोठा पडदा आणि पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. चार माणसं आली, तिघं कंपनीचेच अधिकारी होते. चौथ्या वायसरबाई.

खरं तर सतरा माणसं आली होती, पण पहारेकऱ्याने बाकीच्यांना काचेच्या दाराबाहेर थांबवलं. एक शेअर, एक खुर्ची. पन्नासातल्या शेहेचाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या, पण नियम तो नियम. बारा म्हातारी माणसं आणि सोबत डॉक्टरीणबाई दाराबाहेर दाटीवाटीने उभी राहिली. नवऱ्याला पायरीवर बसवलं. पहारेकऱ्याचा बाप म्हणे फाउंड्रीत होता, म्हणून त्याने दार पूर्ण लावलं नाही.

पडद्यावर अध्यक्ष बोलत होते आणि एका दुभाषी बाईचा आवाज ते आपल्या भाषेत सांगत होता. नवी भरारी, नवा बाजार, नवी उंची. खोलीतल्या कंपनी सचिवाने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "काही प्रश्न?" असं विचारताना तो लॅपटॉप मिटत होता.

बाई उभ्या राहिल्या.

"कारखान्याचा दवाखाना पुढच्या वर्षी चालू राहणार का?"

दुभाषी बाईने सांगितलं. पडद्यावर अध्यक्षांनी बाजूच्या माणसाला काही विचारलं, कारण कारखान्याला दवाखाना आहे हे त्यांना माहीत नसावं. मग उत्तर आलं: कंपनी सर्व सुविधांचा आढावा घेत आहे.

"हो की नाही?"

आढावा घेत आहे.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "हा माझा प्रश्न झाला. माझ्या शेअरमध्ये तेरा माणसं आहेत. आता स्टोअरवाल्या भाऊंच्या वतीने विचारते. दवाखाना पुढच्या वर्षी चालू राहणार का?"

"बाई, एक शेअर म्हणजे एकच मत," सचिव घाईने म्हणाला.

"मत एकच देईन. प्रश्न किती विचारायचे, याचा नियम दाखवा."

सचिवाने समोरची पुस्तिका चाळली. नियम नव्हता. आजवर कोणी दोन प्रश्न विचारले नव्हते, मग नियम कोण करणार? अध्यक्षांनी आढावा सांगितला. बाईंनी कँटीनवाल्या वहिनींच्या वतीने विचारलं. अध्यक्षांनी सांगितलं की हे किरकोळ आहे. बाईंनी साचेवाल्याच्या वतीने विचारलं, त्याच आवाजात, त्याच शब्दांत, जसे एकामागून एक सहाशे नळ हाताखालून जावेत तसे. दाराबाहेरून नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. सातव्या वेळी अध्यक्षांनी कपाळ चोळलं. आठव्या वेळी त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं की हा दवाखाना चालवायला लागतं तरी किती. आकडा ऐकून ते स्वतःच चकित झाले.

"हो," दुभाषी बाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला. "अध्यक्ष म्हणतात, हो. चालू राहील."

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

सचिवाने लिहिलं. बाहेर कोणीतरी काचेवर थाप मारली. सचिव घाम पुसत म्हणाला, "झालं ना बाई? बसा आता."

"बाकीच्या चौघांचाही तोच होता, तो मिळाला," बाई म्हणाल्या. "तेराव्याचा वेगळा आहे."

त्यांनी कागद काढला नाही. गरज नव्हती. गेले चार महिने तो प्रश्न त्यांनी दिवसातून एकदा तरी मनात म्हटला होता.

"बावीस वर्षांपूर्वी संपाच्या वेळी कामगारांच्या मुलांना दवाखान्याचं फाटक बंद करा, हा हुकूम कोणी दिला?"

तिघा अधिकाऱ्यांपैकी जो सगळ्यात वयस्कर होता, त्याने खाली बुटांकडे पाहिलं. दुभाषी बाईने सांगायला वेळ घेतला. मग उत्तर आलं: ही फार जुनी गोष्ट आहे, आजच्या संचालकांपैकी तेव्हा कोणीही नव्हतं.

"कागद तर असतील," बाई म्हणाल्या. "शोधा. पुढच्या सभेत उत्तर द्या. मी येईन."

"तेवढ्यासाठी?" सचिवाने विचारलं.

"तेवढ्यासाठीच."

सचिवाने पेन उचललं. आता तो हळू लिहीत होता. "प्रश्न तुमच्या नावाने लिहितो."

"नाही. ज्याचा आहे त्याच्या नावाने."

"नाव काय?"

बाई पडद्याकडे पाठ करून दाराकडे वळल्या. काचेपलीकडे तो सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा लोकांनी सवयीने मोकळी सोडली होती. बाईंनी श्वास घेतला आणि त्याचं खरं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, खातं आणि हजेरी नंबर, सगळं, बाहेर पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. सचिवाने लिहिलं. बाईंनी वाकून ते बरोबर लिहिलंय का ते तपासलं, आणि मगच खाली बसल्या.